दानाचे भांडवल
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)





वार्षिक समारंभात शिक्षकाने बोलायचे म्हणजे निकालाची टक्केवारी, शिस्त आणि मोबाइलचे दुष्परिणाम हे ठरलेले विषय. ते आपण दरवर्षी ऐकता, म्हणून आज त्यांना सुट्टी देतो. आज मी पैशाविषयी बोलणार आहे, आणि तेही आपण कमावतो त्या नव्हे, तर आपण देतो त्या पैशाविषयी. दान देण्यात आपला समाज मागे नाही. रमजान आला की जकात निघते, मशिदीच्या पत्र्यासाठी हाक दिली की आखातातून आणि आफ्रिकेतून पैसे येतात, गरीब मुलीच्या लग्नाला गाव उभा राहतो. प्रश्न इतकाच, की दिलेला पैसा पुढल्या वर्षी कुठे असतो? ज्या घराला आपण गेल्या रमजानमध्ये धान्य दिले, त्याच घराची चिठ्ठी या रमजानमध्येही आपल्या यादीत असते. दहा वर्षांनी त्या घरातला मुलगा मोठा होतो आणि त्याचीही वेगळी चिठ्ठी येते. हे बदलता येईल का, एवढाच आजचा विषय आहे.

हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी तो खुतब्यात ऐकला असेल. मदिनेतला एक अन्सारी गृहस्थ पैगंबरसाहेबांकडे (स.) मदत मागायला आला. तुझ्या घरात काही आहे का, असे त्यांनी विचारले. एक जाडेभरडे कापड होते. अर्धे अंगावर, अर्धे अंथरायला. आणि पाणी प्यायचा एक लाकडी वाडगा. पैगंबरसाहेबांनी त्या दोन्ही वस्तू मागवल्या आणि लोकांसमोर त्यांचा लिलाव केला. एकाने एक दिरहम देऊ केला. याहून जास्त कोण देतो, असे त्यांनी दोन-तीनदा विचारले, तेव्हा दुसऱ्याने दोन दिरहम दिले. एका दिरहमाचे अन्न घरी ने आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आण, असे त्याला सांगितले. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला आणि लाकडे तोडून विक, पंधरा दिवस मला दिसू नकोस, अशी आज्ञा केली. तो परत आला तेव्हा त्याने दहा दिरहम कमावले होते. काहींचे कापड घेतले होते, काहींचे अन्न.

हा प्रसंग आपण नेहमी ‘भीक मागू नये’ या उपदेशासाठी वापरतो. मला त्यात दुसरेच दिसते. मागणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवले नाही आणि नुसते नाणेही हातावर टेकवले नाही. घरात आज चूल पेटायला हवी म्हणून एक दिरहम अन्नाला. उद्याच्या कमाईसाठी एक दिरहम अवजाराला. अवजार चालते करून देण्याचे कष्ट मदत करणाऱ्याने स्वतः घेतले. काम करायला मुदत दिली आणि मुदत संपल्यावर काय झाले याची विचारपूसही केली. आज जगभर या विषयावर परिषदा भरतात, जाडजूड अहवाल निघतात. त्यातले सार मला तरी या एका प्रसंगात सापडते.

‘सामाजिक उद्योग’ हा शब्द अलीकडे कानावर येतो. त्याचा अर्थ साधा आहे. जो धंदा माल किंवा सेवा विकून आपला खर्च आपण भागवतो, पण ज्याचा मुख्य हेतू मालकाचा खिसा भरणे हा नसून एखादी सामाजिक गरज भागवणे हा असतो, तो सामाजिक उद्योग. धर्मादाय दवाखाना दरवर्षी वर्गणी मागतो. सामाजिक उद्योग सुरुवातीला एकदा, फार तर दोनदा मागतो, आणि मग त्याला मागावे लागू नये अशी अपेक्षा असते. येथेच दानशूरांचे काम सुरू होते. अशा उद्योगाला पहिल्या दिवशी बँक उभी करीत नाही, कारण तारण नसते. आणि व्यापारी पैसा घालत नाही, कारण नफा थोडा आणि उशिरा. मधली ही दरी दानाच्या पैशानेच भरून निघते.

आपल्या माहितीतले उदाहरण घेऊ. लिज्जत पापड आपण सर्वांनी खाल्ला आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल होते ८० रुपये, आणि तेही उसने. देणारे होते छगनलाल करमसी पारेख, ज्यांना लोक छगनबापा म्हणत. या गृहस्थांनी पैसे दिले हे तर झालेच, पण त्यांनी दिलेला सल्ला मला पैशाहून मोलाचा वाटतो. सुरुवातीला बायका दोन प्रतीचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्तातला हलका. छगनबापांनी सांगितले, की एकच प्रत करा, चांगली करा, तिच्याशी तडजोड करू नका, आणि हिशेब व्यापाऱ्यासारखा चोख ठेवा. देणगी मागायची नाही, हे तर त्या बायकांनी प्रथमपासून ठरवले होते. पहिल्या वर्षीची एकूण विक्री ६,१९६ रुपये होती. त्यात पावसाळ्याचे चार महिने काम बंद, कारण पापड वाळणार कुठे? दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, आणि पाऊस बाहेर. आपल्याकडच्या ज्या भगिनींनी जूनमध्ये ओल्या पापडांचे ताट घेऊन घरभर जागा शोधली असेल, त्यांना या खाटेची किंमत मी सांगायला नको. आज त्या संस्थेत हजारो बायका काम करतात आणि त्या पगारी नोकर नाहीत, सभासद आहेत.

याच्या उलट बाजूने चाललेले उदाहरण म्हणजे हमदर्द. इफ्तारच्या दस्तरखानावर लाल सरबताची बाटली असतेच. दिल्लीचे हकीम अब्दुल मजीद यांनी १९०६ साली दवाखाना काढला. १९२२ साली ते वारले तेव्हा मुले लहान होती. त्यांच्या पत्नी राबिया बेगम यांनी धंदा सांभाळला, वाढवला. (आपल्या घरातल्या बाईला हिशेब काय कळणार, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. हजरत खदीजा (रजि.) यांच्या व्यापाराची आठवण तर आपण वाझमध्ये काढतोच, घरी मात्र विसरतो.) पुढे थोरले चिरंजीव हकीम अब्दुल हमीद यांनी १९४८ साली हा चालता, नफ्यातला धंदा वक्फ केला. देशाची फाळणी नुकतीच झाली होती, दिल्ली होरपळलेली होती, सख्खा धाकटा भाऊ पाकिस्तानात गेला होता. अशा वर्षी त्यांनी हा निर्णय घेतला. औषधे आणि सरबत विकून येणारा नफा शिक्षण आणि आरोग्याकडे वळला. १९६४ साली हमदर्द नॅशनल फाउंडेशन स्थापन झाले आणि १९८९ साली जामिया हमदर्दला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिकडे कराचीत धाकटे हकीम मुहंमद सईद यांनीही आपला धंदा वक्फ केला. जमीन, मशीद, कबरस्तान आणि दुकानांचे गाळे एवढ्यांचाच वक्फ होतो अशी आपली समजूत असते. चालता कारखानाही वक्फ होऊ शकतो, हे या भावांनी दाखवून दिले.

तसे पाहिले तर वक्फाची मूळ कल्पनाच ही आहे. हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये चांगली जमीन मिळाली तेव्हा तिचे काय करावे असे त्यांनी विचारले. मूळ जमीन राखून ठेव आणि तिचे उत्पन्न दान कर, असा सल्ला त्यांना मिळाला. मूळ शाबूत, फळ वाटायचे. आपल्या आंब्याच्या बागायतदाराला हे चटकन समजेल; झाड तोडून कोणी लाकूड वाटत नाही. मुंबईला गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हाजी साबू सिद्दीक यांचा मुसाफिरखाना ठाऊक असेल आणि त्यांच्या नावाच्या तंत्रशिक्षण संस्थेत आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले शिकली असतील. एका माणसाच्या संपत्तीचे फळ पिढ्यांना मिळते ते असे.

आता जकातीचा प्रश्न. सभेनंतर कोणीतरी तो विचारणारच, म्हणून आधीच बोलतो. जकातीचे आठ हक्कदार कुराणशरीफात सांगितले आहेत. बहुतेक उलेमांचे म्हणणे असे, की जकात हक्कदार व्यक्तीच्या मालकीची झाली पाहिजे. तिच्यातून संस्थेची इमारत बांधता येत नाही किंवा संस्थेच्या मालकीचा कारखानाही काढता येत नाही. ते बरोबरच आहे. पण गरिबाला अवजार घेऊन दिले, तर ते त्याच्या मालकीचे होते. आपण कोकणातले बहुसंख्य मुसलमान शाफई. आपल्याच मजहबचे इमाम नववी तेराव्या शतकात होऊन गेले. त्यांच्या ग्रंथात हा विषय स्पष्ट आला आहे. ज्याच्या हातात कसब आहे त्याला अवजारे घेता येतील इतके द्यावे, मग ती स्वस्त असोत की महाग. आणि जो व्यापार जाणतो त्याला त्या व्यापाराला पुरेल एवढे भांडवल द्यावे. भाजीविक्याला थोडके, रोटी भाजणाऱ्याला त्याहून जास्त, जवाहिऱ्याला सर्वात जास्त, असे धंद्यानुसार वेगवेगळे आकडेही फुकहांनी दिले आहेत. मी फिक्हचा जाणकार नाही, आपण आपल्या काझीसाहेबांना जरूर विचारा. पण शंभर घरांना पाचशे-पाचशे रुपये वाटण्यापेक्षा दोन घरांना पंचवीस-पंचवीस हजारांचे अवजार देऊन ती दोन घरे यादीतून कायमची वजा करणे हा नवा विचार आहे असे कोणी म्हटले, तर तो सातशे वर्षांहून जुना आहे, एवढे मी नम्रपणे सांगेन. सदका, लिल्लाह आणि वक्फ यांवर तर मालकीचे ते बंधनही नाही.

आणि मग कर्ज-ए-हसना. व्याजाविना दिलेले कर्ज. शब्द सर्वांना माहीत आहे, व्यवहार थोड्यांचा आहे. १९६१ साली देवबंदला मुस्लिम फंड सुरू झाला. लोक बिनव्याजी ठेव ठेवतात आणि गरजवंताला दागिन्यांच्या तारणावर बिनव्याजी कर्ज मिळते. लाहोरला २००१ साली डॉ. अमजद साकिब यांनी ‘अखुवत’ ही संस्था काढली, तिचे पहिले कर्ज दहा हजार रुपयांचे, एका विधवा बाईला. तिने ते फेडले आणि तेच पैसे दुसऱ्याला गेले. कर्जे मशिदीत, लोकांसमोर दिली जातात, आणि कर्ज फेडून सावरलेली माणसे पुढे स्वतः देणगीदार होतात. २०२१ साली डॉ. साकिब यांना रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळाले. बांगला देशात प्राध्यापक मुहंमद युनुस यांनी १९७६ साली जोब्रा गावात चौकशी केली तेव्हा बेचाळीस माणसांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायला एकूण ८५६ टका पुरेसे होते. त्यांच्या ग्रामीण बँकेने पुढे व्याज घेतले, त्याबद्दल आपल्या मनात किंतु राहील; पण गरिबाची गरज किती छोटी असते आणि ती न भागल्यामुळे तो किती मोठ्या दलदलीत रुततो, हे त्या आकड्यावरून कळते.

येथे थोडे गणित करू. वर्गात मुलांना देतो तसेच. समजा, संस्थेकडे ५ लाख रुपये आले. ते मदत म्हणून वाटले तर वीस घरांना २५-२५ हजार मिळतील आणि विषय संपला. तेच कर्ज-ए-हसना म्हणून दिले आणि वर्षभरात हप्त्याने परत आले, तर पाच वर्षांत शंभर घरांपर्यंत पोहोचतील. आपण म्हणाल, सगळे कुठे परत देतात? मान्य. दरवर्षी दहा टक्के रक्कम बुडाली असे धरू. पहिल्या वर्षी ५ लाख, मग साडेचार, मग ४ लाख ५ हजार, अशी उतरती रक्कम धरली तरी पाच वर्षांत सुमारे साडेवीस लाखांची कर्जे वाटून होतात, म्हणजे ऐंशीच्या आसपास घरे, आणि शेवटी जवळजवळ तीन लाख शिल्लक राहतात. बुडीत धरूनही वीसाच्या जागी ऐंशी.

पैसा कुठे लागतो, हेही पाहू. आपल्या भागात काजूचा हंगाम मार्च ते मे. गावातली बाई घरी बी फोडते, गर सोलते, तिचा हात चालतो. पण कच्ची बी विकत घ्यायला तिच्याकडे पैसे नसतात. म्हणून बी व्यापारी घेतो आणि ती त्याच्याकडे मजुरीने बसते. तिला हंगामात पैसे मिळाले, तर ती बी साठवील, वर्षभर फोडील आणि गर विकून पैसे परत करील. तिला दान नको आहे, आठ-दहा महिन्यांची सवड हवी आहे. आमसुलाचे तेच. मेमध्ये रतांबे पायरीपाशी सडतात, आणि शहरातल्या दुकानात आगळाची बाटली काय भावाने मिळते ते आपण पाहिले आहे. मध्ये काय हवे? बाटल्या, झाकणे, लेबल, अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी, आणि दुकानदार दोन महिन्यांनी पैसे देतो तोवर घर चालवण्याची सोय. या शेवटच्या गोष्टीसाठी कोणी देणगी देत नाही, कारण तिचा फोटो निघत नाही.

फोटोचा विषय निघालाच आहे, तर एक कटू अनुभव सांगतो. नाव-गाव सांगत नाही. एका ठिकाणी मी पूर्वी नोकरीला होतो. तेथे एका दानशूर गृहस्थांनी मुलींसाठी वीस शिवणयंत्रे दिली. समारंभ थाटात झाला, हार-तुरे झाले, यंत्रांवर देणाऱ्याच्या नावाच्या पट्ट्या लागल्या. सहा महिने वर्ग चालला, मुलींना प्रमाणपत्रे मिळाली. मग शिकवणाऱ्या बाईंचे मानधन कोणी द्यायचे, यावर घोडे अडले. कापड आणायला पैसे नाहीत, शिवलेले विकायचे कुठे ते कोणी ठरवले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात यंत्रांच्या सुया गंजल्या. आणि गंमत अशी, गंमत म्हणायची की काय म्हणायचे, की त्याच संस्थेच्या शाळेचे गणवेश दरवर्षी बाहेरगावचा ठेकेदार शिवून आणीत होता! देणाऱ्याची नियत साफ होती, मुली हुशार होत्या, यंत्रे उत्तम होती. गिऱ्हाईकाचा विचार मात्र कोणीच केला नव्हता.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की सामाजिक उद्योगाला देता येण्यासारखे सर्वात मोठे दान म्हणजे पहिली खात्रीची मागणी. आपल्या शाळेपुरते बोलू. समजा, सहाशे विद्यार्थी, प्रत्येकाचे दोन गणवेश, म्हणजे बाराशे जोड. शिलाई २०० रुपये धरली तर २ लाख ४० हजार रुपये. आकडे हिशेबापुरते घेतले आहेत, पण ही रक्कम आपण पालक दरवर्षी खर्च करतोच. ती गावातल्या बायकांच्या गटाकडे गेली तर कोणावर उपकार होत नाहीत आणि आपल्या खिशातून एक पैसा जास्त जात नाही. अट एकच, माल चांगला हवा आणि तो जूनच्या आधी हातात हवा. शिवण उसवली तर गट आपलाच आहे म्हणून गप्प बसू नये, परत पाठवावी. छगनबापांनी नेमके हेच सांगितले होते.

मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय हे या बाबतीत पाहण्यासारखे आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी १९७६ साली ५८ व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. संधिवाताने बोटे वाकडी झालेली. त्याच हातांनी ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करीत. अकरा खाटांनी सुरुवात केली. ज्यांना परवडते त्यांनी पैसे द्यायचे, ज्यांना परवडत नाही त्यांच्यावर फुकट उपचार, आणि डॉक्टर तेच. पैसे देणाऱ्यांच्या जिवावर रुग्णालय चालते. पण एक अडचण पैसे देणाऱ्यांच्याही जिवावर सुटण्यासारखी नव्हती. डोळ्यात बसवायचे भिंग परदेशातून येई आणि ते गरिबाला परवडत नसे. तेव्हा परदेशातल्या दानशूरांच्या आणि जाणकारांच्या मदतीने १९९२ साली त्यांनी ऑरोलॅब हा भिंगांचा कारखानाच काढला. किंमत कितीतरी पटींनी खाली आली. आज ती भिंगे शंभराहून अधिक देशांत जातात आणि कारखाना विक्रीवर चालतो. दानातून फुकट भिंगे वाटली असती तर दान संपले त्या दिवशी भिंगेही संपली असती.

आता जपायच्या गोष्टी. गरिबाच्या नावाने चालणारा प्रत्येक व्यवहार पुण्याचा नसतो. आंध्र प्रदेशात गरीब बायकांना छोटी कर्जे देणाऱ्या कंपन्या बोकाळल्या. त्यातल्या काहींची सुरुवात देणग्यांवर, सेवाभावी संस्था म्हणून झाली होती. पुढे नफ्याची चटक लागली, एकेका बाईला तीन-तीन, चार-चार कर्जे दिली गेली, वसुलीचा जाच वाढला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि २०१० साली सरकारला वटहुकूम काढावा लागला. आपल्या समाजात आणखी एक प्रकार आहे. ‘व्याज नाही, हलाल नफा’ असे सांगून दरमहा मोठा परतावा देणाऱ्या योजना. २०१९ साली बंगळुरूत अशीच एक पेढी बुडाली आणि हजारो मुसलमान कुटुंबांची पुंजी गेली. त्यात मुलींच्या लग्नाचे पैसे होते, हजचे पैसे होते. तेव्हा हे पक्के ध्यानात ठेवा, की कर्ज-ए-हसना देणाऱ्याला परतावा मिळत नसतो. जेथे कोणी दाढीवर हात फिरवून दरमहा अमुक टक्के सांगेल, तेथून उठून या.

सरकारी बाजू थोडक्यात. कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखाली नफा न वाटणारी कंपनी काढता येते. सहकारी संस्था आहे, बचत गट आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. आपल्या संस्थेचे हिशेब तपासलेले आणि नोंदण्या पूर्ण असतील तर त्या दारावरही जाता येते. अलीकडे सामाजिक कामासाठी वेगळा शेअर बाजार निघाला आहे, आणि त्यात असे रोखे मिळतात की ज्यांवर व्याज नाही आणि मुद्दलही परत येत नाही. बाजारवाल्यांनी त्याला लांबलचक नाव दिले आहे. आपल्या आजीने त्याला सदका म्हटले असते. पण त्यात एक चांगली गोष्ट अशी, की पैसे घेणाऱ्याला आपण काय काम केले याचा जाहीर अहवाल द्यावा लागतो. आपल्या किती जमाती वर्षाअखेर असा कागद मशिदीच्या फलकावर लावतात?

सच्चर समितीने २००६ साली आपल्या अहवालात दोन गोष्टी नोंदवल्या. मुसलमानांत स्वतःचा छोटा धंदा करून पोट भरणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आहे, आणि बँकेच्या कर्जात त्यांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने कमी आहे. म्हणजे हात आहेत, कसब आहे, अवजाराला दांडा बसवणारा नाही. आखाताची वाटही आता पूर्वीसारखी सरळ राहिलेली नाही, हे परतून आलेल्यांच्या घरी वेगळे सांगायला नको. बारावी झालेल्या मुली घरी बसून आहेत. त्यांच्या आयांनी मला विचारले आहे, सर, पुढे काय? मी दरवेळी डी.एड., नर्सिंग एवढेच सांगत आलो, कारण सांगण्यासारखे दुसरे गावात काही उभे नव्हते.

यासाठी संस्थेच्या कार्यकारिणीपुढे मी लेखी सूचना ठेवली आहे, ती येथे सर्वांच्या कानावर घालतो. जमा होणाऱ्या सदका आणि लिल्लाहच्या रकमेचा दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवावा. त्यातून २५ हजारांपर्यंत बिनव्याजी कर्ज द्यावे, दोन जामिनांवर. निर्णय पाच जणांनी घ्यावा आणि त्यात दोन बायका असाव्यात, कारण कोणत्या घरात काय शिजते हे त्यांनाच ठाऊक असते. कर्ज देणाऱ्या समितीतल्या माणसाच्या घरात कर्ज जाऊ नये. पुढील वर्षाच्या गणवेशांपैकी निदान पाचवी ते सातवीचे काम गावातल्या गटाला द्यावे. ते नीट झाले तर बाकीचे. आणि जे सद्गृहस्थ यंत्र किंवा वस्तू देऊ इच्छितात त्यांना विनंती करावी, की तेवढीच रक्कम पहिल्या वर्षाच्या कापडाला आणि शिकवणाऱ्या बाईच्या मानधनाला द्या. नावाची पट्टी आपण त्यांना वेगळी करून देऊ.

हिशेबाचे काम मी अकरावी-बारावी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना देणार आहे. पुस्तकात ‘जमा-नावे’ शिकायचे आणि प्रत्यक्षात वही कधी उघडायची नाही, हे बरे नव्हे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी नमाजनंतर हप्ते घेतले जातील, दोन विद्यार्थी पावत्या फाडतील, तिसरा रोकड मोजील, आणि एक शिक्षक शेजारी बसेल. कर्जदाराचे नाव फलकावर लागणार नाही, फक्त आकडे लागतील. ज्या विद्यार्थ्यांना हे काम करायचे आहे त्यांनी सोमवारी मधल्या सुट्टीत मला भेटावे. अक्षर चांगले असेल तर अधिक बरे.